शोधपत्रिकेतली चूक फाडायची नाही, तिच्याशेजारी चिठ्ठी चिकटवायची

१३ जानेवारीची रात्र. दुसऱ्या दिवशी उत्तरायण, म्हणजे बडोद्यात कुणी झोपत नाही. मी गच्चीवर नातवाच्या फिरकीचा गुंता सोडवत होते आणि नव्या संपादकाचा फोन आला.

“काकू, झोपला नाहीत ना?”

“आज कोण झोपतंय? बोल.”

“एक मेल आलाय. आपल्या दोन वर्षांपूर्वीच्या अंकात विश्वामित्री नदीच्या पाण्यावरचा निबंध होता ना, त्यातले आकडे बनावट आहेत म्हणतात. साइटवरून काढून टाकू का?”

“कशालाही हात लावू नकोस. उद्या पतंग उडव. परवा चोपडा घेऊन घरी ये.”

मी २२ वर्षं एका छोट्या त्रैमासिकाची संपादक होते. इतिहास, समाजशास्त्र, पाणी, आहार, जे बरं येईल ते आम्ही छापायचो, मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही भाषांत. पगार नव्हता. कार्यालय म्हणजे दांडिया बाजारातल्या आमच्या घराची माडी आणि एक लोखंडी कपाट. गेल्या दिवाळीत कपाटाची किल्ली आणि ईमेलचा पासवर्ड नव्या संपादकाच्या हवाली केला. तो रसायनशास्त्र शिकवतो, हुशार आहे, पण अजून प्रत्येक मेलला दचकतो. त्याला तीन महिने जे सांगत होते तेच इथे लिहून ठेवते. हल्ली कॉलेजागणिक एक जर्नल निघतं, आणि अशी तक्रार आली की नव्या संपादकाचा हात आधी डिलीटच्या बटणाकडे जातो. मोठ्या प्रकाशकांकडे या कामाला वेगळी माणसं असतात. आपल्याकडे आपणच.

माझे वडील रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. सगळे फर्मे छापून झाल्यावर चूक सापडली की शुद्धिपत्राची चिठ्ठी छापली जायची: पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. बांधणी झालेल्या प्रती घरी यायच्या आणि आम्ही भावंडं खळ लावून चिठ्ठ्या डकवायचो. एकदा मी शहाणपणा करून चिठ्ठी थेट चुकीच्या ओळीवरच चिकटवली. वडिलांनी ओली असतानाच ती सोडवून घेतली. “खालचं दिसलं पाहिजे. ज्यानं आधीची प्रत वाचलीय त्याला कळायला नको, काय बदललं ते?” पुढे संगणक आले, डीओआय म्हणजे ऑनलाइन निबंधाचे कायमचे क्रमांक आले, मार्गदर्शक तत्त्वांच्या पुस्तिका आल्या. पण या कामात मी जे काही केलं ते त्या एका वाक्यावरच.

पहिले दोन दिवस

तक्रार आली की आधी पोच द्या. दोन ओळी पुरतात: पत्र मिळालं, आम्ही पाहतो आहोत, अमुक तारखेपर्यंत कळवू. “आपले आरोप गंभीर आहेत” वगैरे काही लिहू नका. तक्रारदाराला अजून काहीच सांगायचं नसतं आणि तुम्हाला अजून काहीच माहीत नसतं.

मग चोपडा उघडा. आमचा खरोखरचा लाल कापडी चोपडा आहे, मांडवीतून आणलेला. तुम्ही एक्सेल वापरा. तक्रार कधी आली, कोणत्या निबंधाबद्दल, नेमकं म्हणणं काय, आपण काय केलं आणि कोणत्या तारखेला, एवढंच लिहायचं. मत लिहायचं नाही. दोन वर्षांनी एखाद्या वकिलाची नोटीस आली तर हाच चोपडा तुमच्या बाजूने बोलतो, आणि त्यात “हा माणूस मला आधीपासूनच संशयास्पद वाटायचा” असं कुठे लिहिलेलं असेल तर तोच उलटतो.

त्याच दिवशी निबंधाची साइटवरची प्रत, मूळ हस्तलिखित, परीक्षकांचे शेरे आणि लेखकाशी झालेला सगळा पत्रव्यवहार एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवा. आमचं एक मेलखातं एकदा जागा भरली म्हणून बंद पडलं होतं. ज्या वर्षाची गरज पडली नेमकं तेच वर्ष गेलं.

निनावी तक्रार टोपलीत टाकू नये. नाव नसलं तरी पुरावा असतो, आणि पीएचडीच्या मुलीने आपल्या गाइडविरुद्ध नाव घालून लिहावं ही अपेक्षाच अन्यायाची आहे. पुरावा तपासता येतो का, तेवढं पाहा. “अमुक प्राध्यापक चोर आहेत” या पत्राचं काहीच करता येत नाही. “पान ४७वरचा तक्ता अमुक प्रबंधाच्या पान ११२वर आहे” याचं करता येतं, मग सही असो वा नसो. आणि तक्रारदाराचं नाव त्याच्या परवानगीशिवाय लेखकाला कळता कामा नये. आलेला मेल तसाच्या तसा पुढे ढकलणं ही आमच्या क्षेत्रातली सगळ्यात महागात पडणारी हौस आहे. खाली सही असते, आणि फॉरवर्डच्या शेपटीत सगळा इतिहास असतो.

लेखक तुमच्या ओळखीचा असेल तर बाजूला व्हा. हे सांगणं सोपं. बडोद्यात मराठी माणूस दोन घरं सोडून तिसऱ्या घरी कुणाचा तरी भाचा निघतो. मी तीन वेळा बाजूला झाले. दोनदा मंडळातल्या दुसऱ्या सदस्याने प्रकरण पाहिलं, एकदा अहमदाबादच्या एका निवृत्त संपादकाला विनंती केली. चोपड्यात तसं लिहून ठेवलं.

स्वतः पाहा, यंत्रावर सोपवू नका

आता प्रत्येकाकडे साम्य मोजणारं सॉफ्टवेअर आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राने, २०१९मध्ये ‘शोधशुद्धी’ योजनेतून ते विद्यापीठांपर्यंत पोहोचवलं. त्याआधी २०१८मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) वाङ्मयचौर्याबद्दलचे नियम काढले होते. त्यात साम्याच्या पायऱ्या आहेत: १० टक्क्यांपर्यंत किरकोळ, मग १० ते ४०, ४० ते ६० आणि ६०च्या वर. प्रसिद्ध झालेल्या निबंधात ४० ते ६० टक्के उचल सापडली तर निबंध मागे घ्यायचा, म्हणजे तो ग्राह्य नाही असं जाहीर करायचं, लेखकाला एक वार्षिक वेतनवाढ नाही आणि दोन वर्षं नवे संशोधक विद्यार्थी घेता येत नाहीत. ६०च्या वर गेलं तर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं. मात्र ही शिक्षा संस्था देते, संपादक देत नाही. आपलं काम निबंधापुरतं.

टक्का हा निकाल नव्हे. संदर्भसूची, अवतरणचिन्हांतला मजकूर, कायद्यांची कलमं आणि योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे त्या नियमांतच वगळलेले आहेत, तरी अहवाल काढणारा ते वगळायला विसरतो आणि ३२ टक्के आकडा पाहून घाबरतो. उलट ६ टक्क्यांतही चोरी असते, जर ते ६ टक्के म्हणजे निबंधाचा निष्कर्षच असेल तर.

भाषांतरापुढे यंत्राचं फारसं चालत नाही. आमच्याकडे एकदा सयाजीरावांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणावर एक मराठी निबंध आला होता. १८९३मध्ये अमरेली तालुक्यात सुरुवात, १९०६मध्ये सगळ्या संस्थानात, सगळं नीट मांडलेलं, भाषा सुरेख. साम्य फक्त ४ टक्के. दोन परीक्षकांनी पास केला, आम्ही छापला. अंक बाहेर पडल्यावर आमचे ऐंशी वर्षांचे मुद्रितशोधक मला म्हणाले, “ताई, पान बारावर हे केळवण कुणाचं आहे?” पाहिलं तर वाक्य होतं, “महाराजांनी फरजियात केळवणीचा पुरस्कार केला.” गुजरातीत फरजियात म्हणजे सक्तीचं आणि केळवणी म्हणजे शिक्षण. आपल्याकडे केळवण मुंजीचं नाहीतर लग्नाचं. भाषांतर करताना लेखकाची तेवढी एक डुलकी लागली होती. मुद्रितशोधकांनी ती प्रूफातही पाहिली होती, पण बडोद्याचा लेखक म्हणून खपवून घेतली होती. मग मूळ शोधायला घेतलं. ग्रंथालयात चार दुपारी गेल्या आणि एका जुन्या गुजराती नियतकालिकात सगळा लेख सापडला, परिच्छेदाला परिच्छेद.

अशी तुलना करताना दोन रकान्यांचा तक्ता करा. डावीकडे मूळ, उजवीकडे आपलं, पान आणि ओळ यांसह. हा कंटाळवाणा उद्योग संपादकानेच करायचा असतो. तो केल्यावर पुढची सगळी पत्रं आपोआप शांत स्वरात लिहिली जातात, कारण पुरावाच बोलत असतो.

छायाचित्रांचंही तसंच. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६मध्ये जीववैद्यकातले २०,६२१ निबंध डोळ्यांनी तपासले तेव्हा ३.८ टक्के निबंधांत तीच प्रतिमा फिरवून, कापून किंवा तशीच पुन्हा वापरलेली दिसली. आकड्यांच्या तक्त्यात शेवटचा दशांश वाचत जा. विश्वामित्रीचं प्रकरण त्यावरूनच उघडं पडलं. नदीवरच्या दोन ठिकाणांची तुलना होती, एक काळाघोडा पुलाजवळ, दुसरं शहराच्या खालच्या अंगाला. तक्रारदाराच्या लक्षात आलं की दुसऱ्या ठिकाणचे जुलै ते सप्टेंबरचे आकडे, लेखकांच्याच आधीच्या निबंधातल्या पहिल्या ठिकाणच्या आकड्यांशी दशांशासकट जुळतात. दोन वेगळ्या जागा, दोन वेगळे पावसाळे, आणि पाण्यातला प्राणवायू अगदी तोच.

लेखकाला पत्र

नव्या संपादकाने पहिला मसुदा आणला त्यात “आपण केलेली फसवणूक” असे शब्द होते. मी खोडले. पत्रात फक्त दिसतं ते लिहायचं आणि विचारायचं. आम्ही पाठवलं ते असं:

“आपल्या शोधनिबंधातील तक्ता क्र. २मधील ठिकाण ‘ब’चे जुलै ते सप्टेंबरचे आकडे आपल्याच आधीच्या निबंधातील तक्ता क्र. १शी जुळतात, असे निदर्शनास आले आहे. दोन्ही तक्ते सोबत जोडले आहेत. हे कसे घडले याचा खुलासा आणि मूळ नोंदवहीच्या संबंधित पानांच्या प्रती कृपया २१ दिवसांत पाठवाव्यात. हे पत्र सर्व सहलेखकांना पाठवले आहे.”

शेवटचं वाक्य विसरू नका. सहलेखकांचे पत्ते निबंधावर छापलेले असतात त्यावरच थांबू नये. पहिला लेखक कधीकधी सगळ्यांच्या नावाने स्वतःचेच मेल देऊन ठेवतो. संस्थेच्या साइटवरून शोधून लिहा. आमच्या या प्रकरणात दुसरा लेखक नोकरी बदलून सुरतला गेला होता. त्याला नव्या पत्त्यावर लिहिलं म्हणूनच पुढचं सगळं कळलं.

२१ दिवसांत उत्तर नाही आलं तर एक आठवण, आणखी १४ दिवस. मग संस्थेला पत्र. पहिल्या लेखकाचं उत्तर विसाव्या दिवशी आलं: एक्सेलमध्ये चुकून चिकटवलं गेलं, खरे आकडे देतो, शुद्धिपत्र छापा. अशा वेळी मन लगेच हो म्हणतं, कारण सगळ्यांचीच सुटका होते. मी म्हटलं, नोंदवही माग. काळाघोड्याची पानं आली, स्वच्छ, तारखांसकट. दुसऱ्या ठिकाणची आली नाहीत.

संस्थेकडे केव्हा जायचं

मजकुराची उचल कागदावर समोरासमोर दिसते. तिथे संपादक स्वतः निर्णय घेऊ शकतो. पण आकडे मोजले होते की बसल्या जागी भरले, रुग्णांची संमती घेतली होती का, नमुने खरंच कुठून आले, हे आपल्याला माडीवर बसून कळत नाही. आपल्याला ना प्रयोगशाळेचं कुलूप उघडायचा अधिकार, ना कुणाला समोर बसवायचा. म्हणून ते लेखकाच्या संस्थेला विचारायचं. यूजीसीच्या त्याच नियमांनी वाङ्मयचौर्यासाठी विभाग आणि संस्था अशा दोन पातळ्यांवर मंडळं ठेवायला सांगितलं आहे. पत्र प्राचार्य किंवा कुलसचिवांना लिहा, लेखकाच्या विभागप्रमुखाला नको. तोच तिसरा सहलेखक असण्याची शक्यता बरीच असते.

संस्था उत्तर देतेच असं नाही. केळवणीच्या प्रकरणात एका प्राचार्यांचा फोन आला होता, फार गोड आवाजात: “बेन, पतावी दो ने.” म्हणजे मिटवून टाका. त्यांना मी विचारलं, लेखी पाठवता का? त्यानंतर फोन आला नाही, पत्रही नाही.

असं अडलं तर ‘चिंता व्यक्त करणारी सूचना’ काढता येते. इंग्रजीत तिला एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न म्हणतात. अर्थ इतकाच की या निबंधाबद्दल गंभीर प्रश्न उभे आहेत, चौकशी चालू आहे, वाचकाने जपून वापरावा. ती कायमची टांगून ठेवायची नसते; निकाल लागला की तिच्या जागी शुद्धिपत्र, मागे घेण्याची सूचना किंवा “शंका निराधार होती” असं निवेदन यायला हवं. हे तिसरं बहुतेक जण विसरतात.

विश्वामित्रीच्या वेळी संस्थेने बरी वागणूक दिली. दोन महिन्यांत अहवाल आला. सुरतला गेलेल्या दुसऱ्या लेखकाने चौकशीत सांगितलं होतं की त्या पावसाळ्यात खालच्या ठिकाणी तो उतरलाच नाही. पाणी चढलेलं आणि काठावर मगर. आमच्या विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोदेकरांना सांगायला नको. मला त्या मुलाचं अजिबात चुकलं वाटत नाही. त्याने तेव्हा “मगरीमुळे तीन महिने नमुने घेता आले नाहीत” असं निबंधात लिहिलं असतं तर आम्ही ते आनंदाने छापलं असतं. रिकामा रकाना त्याच्या गाइडला सोसला नाही.

शुद्धिपत्र की मागे घेणं

मी एकच कसोटी लावते. चुकलेला भाग बाजूला ठेवला तर निबंधाचं म्हणणं उभं राहतं का? राहत असेल तर शुद्धिपत्र. चूक छापखान्याची असेल तर तसं म्हणा, लेखकाची असेल तर तसं. उभंच राहत नसेल तर मागे घ्या. विश्वामित्रीत दोन ठिकाणांची तुलना हाच निष्कर्ष होता. एक ठिकाण गेलं म्हणजे काहीच उरलं नाही.

याला काही अपवाद आहेत. मजकूर दुसऱ्याचा असेल, तोच निबंध आधी दुसरीकडे छापलेला असेल, परीक्षणच बनावट असेल किंवा माणसांवर संमतीशिवाय प्रयोग झाले असतील, तर निष्कर्ष खरा असला तरी निबंध मागे जातो. उलट लेखकांची आपसातली भांडणं हे मागे घेण्याचं कारण नव्हे. माझं नाव दुसरं का, त्यांचं का घातलं, यासाठी लेखकयादीचं शुद्धिपत्र पुरतं, तेही सगळ्यांच्या सह्या आल्यावर.

कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स ही संस्था, सगळे तिला कोप म्हणतात, १९९७मध्ये ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी सुरू केली. कोणत्या तक्रारीत कोणत्या क्रमाने जायचं याचे तिने केलेले तक्ते साइटवर फुकट आहेत. सदस्य नसलात तरी छापून भिंतीवर लावा.

मागे घेणं म्हणजे बदनामी, ही समजूत मात्र मोडायला हवी. फ्रान्सिस अर्नॉल्ड यांना २०१८चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २०२०च्या जानेवारीत त्यांनी स्वतःच ट्विटरवर जाहीर केलं की आपल्या गटाचा आदल्या वर्षीचा निबंध मागे घेतोय, प्रयोग पुन्हा करून तसेच निकाल येत नाहीत. कामाच्या गडबडीत आपण नीट लक्ष दिलं नाही, हेही त्यांनीच लिहिलं. त्याने त्यांचं काही बिघडलं नाही.

उशीर मात्र बिघडवतो. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९८मध्ये आला, फक्त १२ मुलांवरचा. बहुतेक सहलेखकांनी २००४मध्येच त्या अर्थापासून अंग काढून घेतलं. निबंध पूर्ण मागे घ्यायला २०१०चा फेब्रुवारी उजाडला. तोवर ती भीती घराघरांत पोहोचली होती. त्याच ‘लॅन्सेट’ने २०२०मध्ये कोविडसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध देण्यावरचा निबंध २२ मेला छापला आणि ४ जूनला मागे घेतला, कारण कच्ची माहिती ज्या कंपनीकडे होती तिने ती तटस्थ तपासणीला देण्यास नकार दिला. तेरा दिवस. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण तीन-चार महिन्यांत प्रकरण संपवता येतं.

सूचना लिहिणं

आम्ही छापलेली ही पाहा:

“मागे घेण्याची सूचना. हा शोधनिबंध संपादक मंडळ मागे घेत आहे. तक्ता क्र. २मधील ठिकाण ‘ब’चे जुलै ते सप्टेंबरचे आकडे त्या ठिकाणी मोजलेले नव्हते, असे लेखकांच्या संस्थेने केलेल्या चौकशीत आढळले. दोन्ही ठिकाणांची तुलना हाच निबंधाचा निष्कर्ष असल्याने तो आता ग्राह्य धरता येत नाही. दुसऱ्या लेखकाने या निर्णयास सहमती दिली आहे. पहिल्या लेखकाने असहमती कळवली आहे.”

वर निबंधाचं पूर्ण शीर्षक, लेखक, अंक, पानं आणि तारीख. कोण मागे घेतंय, का, आणि लेखकांचं म्हणणं काय, एवढ्या तीन गोष्टी असल्या की झालं. “काही तांत्रिक कारणास्तव” असं लिहाल तर प्रामाणिकपणे चुकलेला आणि जाणूनबुजून केलेला एकाच पंगतीत बसतात. विशेषणं मात्र एकही नको. जे कागदोपत्री दाखवता येतं तेवढंच लिहिलं की मानहानीच्या धमकीला फार घाबरावं लागत नाही. धमकी येतेच. तिला पोच द्या आणि चोपड्यात नोंद करा.

सूचनेला स्वतःचं पान हवं, पैसे न भरता वाचता येणारं, अंकाच्या अनुक्रमणिकेत दिसणारं. निबंधाच्या पानावर सूचनेचा दुवा, सूचनेच्या पानावर निबंधाचा. मूळ पीडीएफ तिथेच ठेवायची, प्रत्येक पानावर तिरका “मागे घेतला” असा शिक्का मारून, आणि शीर्षकाच्या आधीही तेच शब्द. कुणाची खासगी माहिती उघडी पडली असेल, न्यायालयाचा आदेश असेल किंवा वाचून कुणाच्या जिवावर बेतेल असं काही असेल, तरच मजकूर काढायचा. तेव्हाही शीर्षक आणि सूचना राहतात.

मी स्वतः हे एकदा मोडलं आहे. नाचणीत १०० ग्रॅममागे कॅल्शियम ३४४ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. आमच्या एका तक्त्यात दशांशचिन्ह सरकून ३४.४ छापलं गेलं. लेखिकेनेच कळवलं, बिचारी रडवेली झाली होती. मी म्हटलं, एवढ्याशा टिंबासाठी काय शुद्धिपत्र, आणि पीडीएफ गुपचूप बदलली. वर्षभराने एका विद्यार्थिनीच्या प्रबंधावर परीक्षकाने शेरा मारला की तिने आमचा आकडा चुकीचा उद्धृत केलाय. तिने जुनी प्रत वाचली होती, त्याने नवी उघडली होती. वडिलांनी सोडवून घेतलेली ती ओली चिठ्ठी मला त्या दिवशी आठवली. मग शुद्धिपत्र काढलं, परीक्षकांना आणि त्या मुलीच्या विभागाला पत्रं लिहिली, मूळ पीडीएफ परत साइटवर चढवली.

डीओआय घेत असाल तर ते नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे दुरुस्तीची नोंद करा. नाहीतर दुसरीकडून निबंधापर्यंत पोहोचणाऱ्याला काहीच कळत नाही. मागे घेतलेल्या निबंधांची रिट्रॅक्शन वॉचची यादीही २०२३पासून क्रॉसरेफकडे सर्वांसाठी खुली आहे. नवा निबंध स्वीकारताना त्याची संदर्भसूची तिच्याशी ताडून पाहा, अर्ध्या तासाचं काम आहे. आमच्यासारखं ज्यांचं अजून छापील निघतं त्यांनी ग्रंथालयांना चिठ्ठ्या पाठवाव्यात.

पेढ्यांचा डबा

केळवणीचे लेखक एका संध्याकाळी घरी आले. हातात पेढ्यांचा डबा. “काकू, बढतीची फाइल वर गेलीय. तीन महिने थांबा फक्त.” घरी म्हातारी आई आहे, मुलगी दहावीला आहे. यातलं काहीही खोटं नव्हतं. मी चहा दिला, डबा परत दिला आणि सांगितलं की तुमचं म्हणणं लिहून द्या, सूचनेत एका ओळीत घालते. त्यांनी दिलं नाही. निबंध त्या महिन्यात मागे घेतला. अजूनही न्यायमंदिराच्या बाजूला समोर आले की ते रस्ता ओलांडतात.

हे दडपण आता वाढणार. २०२५च्या एनआयआरएफ, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांच्या सरकारी क्रमवारीपासून मागे घेतलेल्या निबंधांचे गुण संस्थांना वजा होऊ लागले आहेत. हेतू चांगला आहे, पण “पतावी दो ने” म्हणणारे फोन त्यामुळे कमी होतील असं मला वाटत नाही. म्हणून निर्णय एकट्याने घेऊ नका. तिघांच्या सह्या असल्या की कुणा एकाच्या दारात डबा येत नाही. आणि निर्णय होईपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर एक अक्षर नाही. विद्यार्थी अडकलेला असेल तर त्याच्याशी एकदा तरी फोनवर बोला, पत्रापेक्षा आवाज बरा.

आधीच अडवता येतं ते

थोडक्यात सांगते. लेखकाने सुचवलेल्या परीक्षकांवर भिस्त ठेवू नका, आणि ठेवलीच तर त्यांचा मेल संस्थेच्या साइटवरून स्वतः शोधा. दक्षिण कोरियातला एक संशोधक बनावट पत्ते देऊन स्वतःच्याच निबंधांचं परीक्षण करत होता. २०१२मध्ये तो पकडला गेला कारण शेरे २४ तासांच्या आत येत होते. आमच्याकडे परीक्षक चार महिने उत्तर देत नाहीत, त्यामुळे वेळेवर आलेला शेरा पाहून मी तशीही सावध होते. पाहुण्या संपादकाला विशेषांक देताना निवडीची शेवटची सही आपल्याकडे ठेवा. हिंदावी या प्रकाशकाला २०२३मध्ये ८,०००हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले, त्यातले बहुतेक अशाच विशेषांकांतले. भाषा वाचताना दाताखाली खडा आल्यासारखं वाटलं तर थांबा. चोरलेला मजकूर यंत्राला कळू नये म्हणून शब्द बदलणारी साधनं असतात, आणि ती ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ करून ठेवतात. तेही एक केळवणच.

गेल्या महिन्यात विश्वामित्रीची सूचना साइटवर चढली. परवा नवा संपादक छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन माडीवर आला, १४० प्रतींसाठी १४० चिठ्ठ्या. आमच्याकडच्या शिल्लक प्रतींवर आम्हीच डकवणार होतो.

“काकू, फेव्हिकॉल आणलाय.”

“त्याने कागद आखडतो. खळ कर.”

“कशी करतात?”

“मैदा पाण्यात कालव, गुठळी राहू देऊ नकोस. मंद आचेवर ढवळत राहा, पारदर्शक झाली की उतरव. चिमूटभर मोरचूद टाक, नाहीतर झुरळं चिठ्ठी खातात. आणि नंतर हात धू, मोरचूद विषारी असतं.”